दुसऱ्या बाईच्या नावावर

'फाईल बदला' आणि 'नोंद काढून टाका' ही दोन बटणं त्या पडद्यावर एकाखाली एक होती, मध्ये बोटभर जागा. घाईत खालचं दाबलं गेलं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तसं नाही. मी विचार करून दाबलं होतं, आणि तेही एकेका नोंदीवर नाही. सगळ्या एकसष्ट नोंदी निवडल्या आणि एकदम काढून टाकल्या.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. घरीही बायको म्हणते, तुमच्यापेक्षा रेडिओ बरा. त्यामुळं मी गप्प राहिलो याचं कुणाला विशेष वाटलं नाही. पण गप्प राहणं हा माझा स्वभाव होता तिथपर्यंत ठीक होतं. पुढं त्या स्वभावाच्या आड लपून मी जे केलं ते सांगायचं आहे. यात कुणाचंही नाव घालणार नाही. नावांच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं त्यानंतर कुणाचं नाव कागदावर मांडायला हात धजत नाही.

हिंगोलीतल्या एका वाचनालयात मी संगणकाचं काम पाहतो. तिथं एक निवृत्त गुरुजी यायचे. नोकरीत असल्यापासून त्यांना एक नाद होता. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायची, जिल्ह्यातल्या एखाद्या गावी जायचं आणि बायकांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं करून ते रेकॉर्ड करायचं. गाणी नाही, कहाण्या नाही, काम. हळद कशी शिजवता, मेंढरू आजारी पडलं तर कसं कळतं, घर सारवताना शेणात किती माती. गुरुजी म्हणायचे, "गाणी समदेच गोळा करतात हो. बाईला तिचं काम कोनी इचारत न्हाई."

असे एकसष्ट आवाज त्यांनी वाचनालयाला दिले. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी त्यांचा डिजिटल संग्रह करायचं ठरवलं. प्रत्येक आवाजाची एक नोंद. नोंदीत बाईचं नाव, गाव, तारीख, आणि खाली टीप. ही माहिती गुरुजींनी माझ्याशेजारी खुर्ची टाकून सांगितली आणि मी टाइप केली. पंधरा-वीस दिवस ते रोज यायचे. एकेका बाईचं नाव सांगताना थांबायचे, आठवायचे, "तिच्या शेजारी तिची जाऊ बसली व्हती, हे पण लिवा," म्हणायचे. मी कंटाळायचो, पण लिहायचो. त्यानंतरच्या वर्षी गुरुजी गेले. त्यांच्या मुलानं घर रिकामं करताना वह्या आणि संमतीपत्रं रद्दीत घातली. म्हणजे कोणता आवाज कोणत्या बाईचा, ही माहिती जगात एकाच ठिकाणी राहिली होती, मी टाइप केलेल्या नोंदींत.

रेकॉर्डिंग जुनी होती. वारा, पाण्याची मोटार, कुठं पंख्याची घरघर. मॅडमनी ती नांदेडला एका जाणकाराकडून साफ करून घेतली. पेन ड्राइव्हवर एकसष्ट नव्या फाइली आल्या. जुनी काढून त्या जागी नवी घालायची, बाकी नोंद जशीच्या तशी ठेवायची, एवढंच काम होतं. मॅडमनी माझ्या टेबलाशी उभं राहून समजावलं होतं.

"नोंद म्हणजे पाकीट समजा. आतलं पत्र बदलायचंय. पाकिटावरचा पत्ता पुसायचा नाही. एकेक नोंद उघडायची, 'फाईल बदला' दाबायचं, बस. आणि नवीन फाइलींना नुसते आकडे आहेत हां, क्रमही वेगळा लागलाय. ऐकून, ओळखून मगच घाला."

"हो मॅडम," मी म्हणालो.

शुक्रवार होता आणि सोमवारी तपासणी समिती येणार होती. पहिल्या तीन फाइली मी मॅडमनी सांगितल्या तशा बदलल्या. एकेकीला चार-चार मिनिटं लागत होती, नेट रडत होतं, त्यात वीज दोनदा गेली. मग माझ्या डोक्यात आलं, मोबाइलवर फोटो काढला की तारीख, ठिकाण त्या फोटोच्या पोटातच राहतं. तसं या आवाजांचंही असणार. जुनं सगळं एकदम काढू, नवीन सगळं एकदम चढवू, माहिती आपोआप परत येईल. संगणकावर बसणाऱ्या माणसाला आपल्याला कळतं असं वाटण्याचा एक आजार असतो. मला तो होता. जागा कमी पडत होती म्हणून मी कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

तासाभरानं पडद्यावर एकसष्ट ओळी उमटल्या. शीर्षकाच्या जागी आकडा. नाव रिकामं. गाव रिकामं. टीप रिकामी. फक्त एक रकाना भरलेला होता, 'निर्माता'. त्यात यंत्रानं एकसष्ट वेळा माझं नाव घातलं होतं.

त्याच क्षणी उठून मॅडमच्या खोलीत जायला हवं होतं. बारा पावलांवर खोली होती आणि दार उघडं होतं. मी पाणी प्यालो आणि परत खुर्चीवर बसलो.

कपाटात संग्रहाच्या उद्घाटनाच्या वेळी छापलेली एक यादी सापडली. एकसष्ट नावं, समोर गावं. कोणता आवाज कुणाचा हे मात्र तीत नव्हतं. एका हातात नावं, दुसऱ्या हातात आवाज, आणि मधला दोरा मी तोडलेला. शनिवार-रविवार घरी कानाला हेडफोन लावून मी ते जुळवत बसलो.

आमचं घर मेंढरांचं. संध्याकाळी कोकरं सोडली की सगळ्या वाड्यात कालवा व्हायचा आणि माझा बाप पाठ करून बसल्या बसल्या सांगायचा, ते तिकडचं चुकीच्या मेंढीला लागलंय, काढ त्याला. त्याच्या रक्ताचा मी, मलाही कान आहे, अशी माझी समजूत. आणि खरंच पुष्कळ आवाज जुळले. कुणी बोलता बोलता स्वतःच्या गावाचं नाव घेतलं होतं, कुणी नवऱ्याचं, काही मला टाइप करतानाचे आठवत होते. असे एक्केचाळीस पक्के झाले. बाकीचे अंदाजानं लावले. रविवारी दुपारी शेवटची दोन नावं आणि शेवटचे दोन आवाज उरले.

एक बाई वारंगा फाट्याजवळच्या खेड्यातली. दुसरी कनेरगाव नाक्याकडची. दोघीही हळद शिजवण्याबद्दलच बोलत होत्या. एका आवाजात 'मला, तुला' होतं, आपल्या इकडं बोलतात तसं. दुसऱ्यात 'मले, तुले'. ती मध्येच कुठल्याशा पोरीवर ओरडत होती, "सरक वो पोट्टे तिकडं, वाफ लागंन तुले!" आणि मागून गुरुजींचं हसू ऐकू येत होतं. मी मनाशी म्हणालो, हे तर सरळ आहे. 'मले-तुले' म्हणजे वऱ्हाडाच्या शिवेवरची बोली. कनेरगाव नाक्याच्या पुढं वाशीमच की. तो आवाज तिकडच्या बाईच्या नावावर टाकला आणि उरलेला वारंग्याकडच्या.

टिपाही भरल्या. आठवल्या तेवढ्या खऱ्या, बाकीच्या मनानं. 'शेजारी चूल पेटलेली.' 'सोबत शेजारीण.' कोण तपासणार होतं?

समिती आली, खूश झाली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि नंतर हळूच विचारलं, "एखादी टीप वगैरे इकडची तिकडं झाली नाही ना?"

"नाही मॅडम."

त्यानंतर सुमारे वर्षभरानं ती आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल, सरकारी दवाखान्यात नर्स. बॅग छातीशी धरून टेबलापुढं उभी राहिली. वारंगा फाट्याजवळच्या गावचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं.

"आई जाऊन चार वर्षं झाली, सर. तिचा एक फोटो हाये, आवाज कुठंच न्हाई. आमच्याकडं तवा साधाच मोबाइल, त्यात आवाज घेता येत न्हवता. मग कोनतरी म्हणलं, एक गुरुजी आले व्हते बघ तुमच्याकडं, ते समदं हिंगोलीला हाये. मला पण आठवतंय की. मी तवा नऊ वर्षांची."

मी नाव टाकलं, नोंद निघाली, हेडफोन तिच्या हातात दिला. ती डोळे मिटून ऐकायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी आली. मग तिनं हेडफोन नीट दाबून धरला. शेवटपर्यंत ऐकून डोळे उघडले.

"सर, ही आईच हाये का?"

"नाव तर तेच आहे."

"नाव तेच हाये, पण..." ती अवघडली. "आई 'मला' म्हणत न्हवती सर. 'मले' म्हणायची. माहेर तिचं वाशीमकडचं. इतकी वर्षं नांदली पण बोलणं काय बदललं न्हाई. आजी तिला चिडवायची, आली बघा मलेवाली. आणि अजून एक. त्यात मी हाये."

"तुम्ही?"

"मी कढईजवळ गेले व्हते. आई मला वरडली, वाफ लागंन म्हणून. गुरुजी हसले आन् मला लई राग आला व्हता. मशीन चालूच व्हतं. मला पक्कं आठवतंय. ते यात काहून न्हाई?"

मला ते त्याच क्षणी कळलं. तो आवाज कुठं आहे, कुणाच्या नावावर आहे, मी तो तिथं का टाकला, सगळं. नोंदीत गावाचा एकच रकाना असतो आणि बाईला गावं दोन असतात, हे आमच्या घरात चार लेकी नांदायला गेल्यावरही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हात माऊसवरच होता. दोन नोंदी उघडायच्या, तिला तो दुसरा आवाज ऐकवायचा. पण मग ती विचारणार, हा दुसरीच्या नावावर कसा? मग मॅडम येणार, आणि एकाचं निघालं की एकसष्टांचं निघणार.

मी म्हणालो, "ताई, हे आवाज साफ करून आलेत. सफाईत असं मधलं बोलणं, हसणं, ओरडणं काढून टाकतात."

"आसं व्हय."

"आणि मशीनमधून आवाज थोडा बदलतोच."

"पण 'मले'..."

"गुरुजींसारख्या माणसापुढं लोक जरा शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात."

तीन वाक्यं. एकही अडखळत बोललो नाही. मी इतकं सलग कधी बोलत नाही. ती माझ्याकडं पाहत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. ती माझ्यावर विश्वास ठेवत होती, मला ते दिसत होतं. दवाखान्यात लोक हिच्यावर ठेवत असतील तसा, पुढचा माणूस शिकलेला आहे, त्याच्या कामातलं त्याला कळतं, असा.

"बराबर हाये," ती म्हणाली. "तुमी त त्यातले जाणकार. मोबाइलवर घेऊ का सर हे?"

मी स्वतः तिच्या मोबाइलवर घालून दिलं. जाताना ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी मागं सरकलो, आणि तिला तो माझा मोठेपणा वाटला.

पुढं मी कधी त्या दोन नोंदी उघडल्या नाहीत. यादीत समोर आल्या की खाली सरकवायचो. कुणाला माझ्यात काही फरक जाणवला नसेल. मॅडम एकदा म्हणाल्या, हल्ली तुम्ही फारच गप्प असता, आणि मी मान हलवली.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला. मी जेवणाचा डबा उघडत होतो.

"सर, ओळखलं का? वारंगा फाट्याची. एक तकलीफ द्यायची व्हती." मग तिनं जे सांगितलं ते असं. आईच्या स्मृतिदिनाला त्यांनी वस्तीतल्या विहारात कार्यक्रम ठेवला होता. वंदना झाली, आणि ही सगळ्यांना म्हणाली, आता आईला ऐका. विहाराच्या स्पीकरवर तो आवाज लावला. बायका रडल्या. तिचा बाप पुढंच बसला होता. तो उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ही आपल्या घरची न्हाई. बंद कर."

"समदे गप्प झाले सर. मी म्हणलं, बाबा, सरांनी सांगितलंय, मशीनमधून आवाज बदलतो. तर ऐकेनात. म्हणतात, तीस वर्षं ऐकलं मी तिला, मला येडं समजतीस का. आता वस्तीत समदे म्हणून राहिले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, बायकोलाच ओळखंना. मलाही तेच वाटून राहिलं. विसरायचा आजार लागतो ना सर या वयात. नांदेडला डॉक्टरला दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या. पण बाबा त्या फेकून देतात. म्हणून म्हणलं, तुमीच एकदा समजावून सांगता का? तुमचं ऐकतील. देते हं."

मी नको म्हणेपर्यंत फोन म्हाताऱ्याच्या हातात गेला होता. 

"सर," तो म्हणाला, "तुमी शिकलेले हाव. मी तुमच्याशी वाद घालत न्हाई. मला एवढंच सांगा, ती बाई कोन हाये?"

सगळ्या माणसांत त्यानं एकट्यानं बरोबर प्रश्न विचारला होता.

"बाबा, मी येतो," मी म्हणालो. "गोळ्या घेऊ नका. मी उद्या येतो."

डबा तसाच झाकला आणि ती बारा पावलं चाललो. मॅडमना पहिल्यापासून सांगितलं. कचरापेटी, यादी, टिपा, त्या पोरीला सांगितलेली तीन वाक्यं. त्या ऐकता ऐकता चष्मा काढून पुसत राहिल्या.

"पक्क्या किती?"

"एक्केचाळीस."

"म्हणजे वीस बायका कुणाच्या तरी नावावर बोलतायत, आणि तीन वर्षं आपण त्यांचं प्रदर्शन करतोय." त्यांनी आवाज चढवला नाही. "गुरुजी तुमच्याशेजारी बसून सांगत होते हो. मी खिडकीतून बघायची. मला वाटायचं, बरा माणूस मिळाला यांना."



"आधी तिकडं जा," त्या म्हणाल्या. "इथलं काय करायचं ते मी बघते. लॅपटॉप न्या सोबत."

दुसऱ्या दिवशी बसनं वारंगा फाट्याला उतरलो आणि तिथून काळीपिवळी जीपनं गावात गेलो. ती सुट्टी काढून थांबली होती. घर नीटनेटकं, भिंतीवर आईचा फोटो, हार ताजा. म्हातारा पलंगावर बसलेला, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. ती चहा टाकायला आत जात होती, मी तिला थांबवलं. चहा पिऊन बोलणं झालं नसतं माझ्याकडून.

उभ्या उभ्याच सांगितलं. "ताई, ती तुमची आई नाही. बाबांचं खरं आहे. तुम्ही आल्या होत्या त्या दिवशीच मला माहीत होतं."

तिला पहिलं वाक्य कळलं. शेवटचं कळायला वेळ लागला.

"त्या दिवशी माहीत व्हतं?"

"हो."

"मी तुमच्यासमोर बसले व्हते तवा?"

"हो."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "मी बाबाला गोळ्या चारून राहिले सर," ती म्हणाली. "मी नर्स हाये. मी माझ्या हातानं बाबाला येड्याच्या गोळ्या चारून राहिले."

 म्हाताऱ्यानं पाय पलंगावरून खाली घेतले.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम कोरड्या आवाजात विचारलं, "आईचा आवाज हाये का गेला?"

"आहे. दुसऱ्या बाईच्या नावावर आहे. बदलायचा आहे."

"हितं बदला. माझ्यासमोर."

मी लॅपटॉप उघडला, तिच्या मोबाइलचं नेट घेतलं. ती शेजारी येऊन बसली, गुरुजी बसायचे तितकी जवळ. तिच्या आईची नोंद उघडली. नाव होतं, गाव होतं, नोंदीचा क्रमांक होता. त्यातलं काहीच पुसायचं नव्हतं, नाव आणि गाव पहिल्यापासून बरोबरच होतं. 'फाईल बदला' दाबलं. आवाज निवडला. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. मग ते थांबलं. वर नाव तेच, क्रमांक तोच, आतला आवाज तेवढा बदललेला.

"झालं?"

"झालं."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "चार मिनटं बी न्हाई लागले." मग माझ्याकडं न बघता, "काहून न्हाई केलं मग?"

भीती वाटली, असं मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं. तिनं मान हलवली, पण ती कबूल करण्याची नव्हती. आजारी माणसानं खोटं दुखणं सांगितलं की नर्स हलवते तशी.

टिपेतली 'सोबत शेजारीण' ही ओळ तिनं वाचली. "हे काय? कोन शेजारीण?"

"ते मी मनानं लिहिलंय."

"काढा. लिवा, सोबत तिची लेक. आन् माहेर लिवा. रकाना न्हाई म्हणून काय झालं, खाली लिवा."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मग आवाज सुरू केला. लॅपटॉप पलंगावर म्हाताऱ्याच्या मांडीशी ठेवला. हळद कशी धुवायची, कढईत कशी भरायची, वर गोणपाट कसं झाकायचं. "मले कोनी शिकवलं न्हाई, मी पाहून पाहूनच शिकली," बाई सांगत होती. "काडी टोचून पाहायची. काडी सहज आत गेली का समजायचं, शिजली."

म्हातारा पुढं वाकला. "खोटं बोलून राहिली," तो म्हणाला. "काडी मी टोचत व्हतो. हिला वाफेचा तरास व्हायचा."

आणि लगेच ते ओरडणं आलं, "सरक वो पोट्टे तिकडं!" पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हातारा लॅपटॉपकडंच बघत होता.

"मी सांगत व्हतो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. "कवाचं सांगत व्हतो."

"बाबा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं. तू लेकरू." माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. "सर, मला काय तुमची शिक्षा करायची न्हाई. पण त्या दिवशी विहारात पन्नासेक माणूस व्हतं. त्यांनी बाबाला येडं ठरवलं. आता मी सांगितलं तर म्हणतील, लेक बापाची बाजू घेऊन राहिली. त्यांना कोन सांगणार?"

"मी सांगतो."

"रविवारी सकाळी वंदना असते," ती म्हणाली आणि आत गेली.

मधल्या दिवसांत मी तिथून काढलेला आवाज कनेरगाव नाक्याकडच्या बाईच्या नोंदीत घातला आणि मॅडमनी राहिलेल्या प्रत्येक संशयाच्या नोंदीत 'नाव अंदाजाने घातले आहे' असं लिहून टाकलं, खाली माझं नाव. मीच म्हणालो होतो, घाला. त्या बायकांची गावं आता आम्ही एकेक करून फिरतो आहोत. मला नोकरीवर ठेवायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. ठरेल.

रविवारी विहारात गेलो. वंदना झाल्यावर तिनं उठून एवढंच म्हटलं, "हिंगोलीचे सर आलेत, त्यांना बोलायचंय." मला चार माणसांत बोलायची सवय नाही. लग्नात आहेर पुकारायला सांगितलं तरी मी दुसऱ्याला पुढं करतो. समोर बाया, पुरुष, लेकरं, आणि पहिल्या रांगेत तो म्हातारा, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी सांगितलं. फार तर पाच मिनिटं बोललो असेन. तुम्ही त्या दिवशी ऐकलेला आवाज यांच्या घरच्या बाईचा नव्हता, तो माझ्या हातून दुसरीच्या जागी गेला होता, यांची मुलगी विचारायला आली तेव्हा मी तिला जाणून खोटं सांगितलं, आणि बाबा बरोबर होते.

  मग मागून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "मंग आमी रडलो ती कोन व्हती?"

मी त्या कनेरगाव नाक्याकडच्या बाईचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"हाये का गेली?"

"माहीत नाही, आजी. अजून गेलो नाही तिकडं."

"अगं बया," ती शेजारणीला म्हणाली, "आपुन जित्या बाईला रडलो का काय!" दोघी-तिघी हसल्या, पुरुषही हसले, आणि मग म्हातारी मला म्हणाली, "हसू नका म्हणा त्याहिला. आन् तुमी तिच्या बी घरी जा. तिच्या लेकरायनं आपल्या मायच्या नावानं हिला ऐकलं असंल तर?"

"जातो," मी म्हणालो. "मंगळवारी जातोय."

तेवढ्यात पुढचा म्हातारा उठला. लेकीकडं वळून म्हणाला, "लाव." तिनं मोबाइल स्पीकरला जोडला. साऱ्या विहारात ती बाई बोलायला लागली, मले, तुले, कढई, गोणपाट. पाठीमागची एक बाई लगेच म्हणाली, "हां, मलेवाली!" आणि डोळ्याला पदर लावला. ते ओरडणं आलं तेव्हा सगळ्या माना त्या पोरीकडं वळल्या. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती, खांदे हलत होते.

म्हातारा शेवटपर्यंत उभाच राहिला. आवाज थांबल्यावर त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांकडं सावकाश पाहिलं. माझ्यावरूनही त्याची नजर तशीच, न थांबता, पुढं गेली.

"आता कोनाला काही इचारायचं हाये का?" तो म्हणाला.

कुणी काही विचारलं नाही. मग तो खाली बसला.